बाटलीतले साक्षीदार

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीची प्रकृती कशी आहे, याचा सरकारी निकाल बराचसा एका काचेच्या बाटलीत लागतो. बाटली 300 मिलिलिटरची, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची. नदीचे पाणी, गरज पडल्यास स्वच्छ पाण्याने विरळ करून, तिच्यात काठोकाठ भरतात. आत हवेचा एक बुडबुडाही राहू देत नाहीत. बुचाभोवतीच्या कडेत पाणी ओतून बाहेरच्या हवेची वाट बंद करतात आणि बाटली 27 अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवस अंधारात ठेवतात. पहिल्या दिवशी पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती होता आणि तीन दिवसांनी किती उरला, यातल्या फरकावरून जो आकडा निघतो तो बीओडी. पाण्यात सडण्याजोगी घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त खर्च होणार आणि तितका आकडा मोठा येणार, हे त्यामागचे साधे गणित. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात सर्वाधिक 53 पट्टे महाराष्ट्रातले होते आणि मोहने ते बदलापूर हा उल्हासचा पट्टा त्यांपैकी एक. कोणता पट्टा प्रदूषित आणि कोणाला अग्रक्रम द्यायचा हे ठरवायला कसोटी होती बीओडीची. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेला तो पट्टा यादीत आला, 30 च्या वर गेला तो पहिल्या अग्रक्रमावर.

बाटलीतला प्राणवायू आपोआप संपत नाही. तो जीवाणू संपवतात. घाण हे त्यांचे अन्न, ते पचवताना ते श्वास घेतात आणि त्या श्वासाचा हिशेब म्हणजे बीओडी. आता त्या पाण्यात जीवाणूंनाच मारणारे किंवा अर्धमेले करणारे काही असेल तर? घाण आहे तेवढीच राहील, पण ती खाणारे थंडावतील. प्राणवायू उरेल आणि आकडा लहान येईल. कागदावर नदी सुधारलेली दिसेल. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. म्हणूनच बीओडीच्या प्रमाण पद्धतीत विरळ करायच्या पाण्यात तांब्याचा अंशही राहू नये यावर कटाक्ष असतो, आणि नमुना अधिकाधिक विरळ केल्यावर बीओडी वाढत गेला तर पाण्यात विष आहे असे समजायला शिकवले जाते. पण हा इशारा प्रयोगशाळेच्या वहीत राहतो. वर्तमानपत्रात, न्यायालयात आणि नगरपालिकेच्या सभेत पोचतो तो एकच आकडा. माझे म्हणणे या लेखात एवढेच आहे: धातूंच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म कण ज्या काळात रंगापासून मलमापर्यंत सगळीकडे पोचले आहेत, त्या काळात नदीची तपासणी जीवाणूंच्या भरवशावर करायची आणि जीवाणूंची तपासणी मात्र करायचीच नाही, हे चालण्यासारखे नाही. आणि ही तपासणी उल्हासच्याच पाण्यात झाली पाहिजे, परदेशी निबंधांतले आकडे उसने आणून भागणार नाही.

नॅनोकण म्हणजे साधारण 1 ते 100 नॅनोमीटर आकाराचा कण. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू सुमारे 2000 नॅनोमीटर लांबीचा असतो, म्हणजे 20 नॅनोमीटरचा कण त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा. आकार लहान झाला की वजन तेच राहूनही पृष्ठभाग प्रचंड वाढतो. जस्ताच्या ऑक्साइडची घनता घेऊन हिशेब केला तर एक मायक्रोमीटर व्यासाच्या कणांच्या एका ग्रॅमला मिळून सुमारे एक चौरस मीटर पृष्ठभाग येतो. तोच एक ग्रॅम 20 नॅनोमीटरच्या कणांचा असेल तर सुमारे 54 चौरस मीटर, बदलापुरातल्या एखाद्या लहान फ्लॅटएवढा. रासायनिक व्यवहार पृष्ठभागावरच होतो. म्हणून बारीक कण झपाट्याने विरघळतात, झपाट्याने चिकटतात आणि उजेडात झपाट्याने क्रिया करतात. असल्या एका मिलिग्रॅममध्ये कणांची संख्या भरते 40 लाख कोटींच्या वर.

जीवाणूला इजा होण्याचे मार्ग मुख्यतः तीन, आणि प्रत्येक ऑक्साइडचा मार्ग वेगळा. जस्ताचे आणि तांब्याचे ऑक्साइड पाण्यात थोडे थोडे विरघळते आणि सुटे झालेले धातूचे आयन पेशीत शिरून तिची विकरे बिघडवतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळतच नाही, पण त्यावर अतिनील किरण पडले की पाण्यातून आणि प्राणवायूतून अतिशय आक्रमक रेणू तयार होतात आणि ते पेशीचे आवरण जाळत सुटतात. हा गुण जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये जगापुढे आणला, आणि त्याने जंतू मरतात हे 1985 मध्ये जपानमधल्याच मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी दाखवले. आज जंतुनाशक फरशा आणि आपोआप स्वच्छ होणाऱ्या काचा विकल्या जातात त्या याच गुणावर. तिसरा मार्ग निव्वळ चिकटण्याचा. नदीच्या पाण्याच्या साधारण सामूला जस्ताच्या ऑक्साइडच्या कणांवर धन भार असतो आणि जीवाणूच्या अंगावर ऋण, त्यामुळे कण त्याला बिलगतात आणि आवरणाला भोके पडतात.

याचे पुरावे गेल्या वीसेक वर्षांत साठत गेले आहेत. 2006 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या अ‍ॅडम्स, लायन आणि अल्वारेझ यांनी सिलिकॉन, टायटॅनियम आणि जस्त या तिघांच्या ऑक्साइडांची तुलना केली. सर्वांत कमी घातक सिलिकॉनचे, मग टायटॅनियमचे, सर्वांत घातक जस्ताचे. उजेडात परिणाम जास्त होता, पण अंधारातही तो शून्य नव्हता. लखनौच्या भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेतल्या आलोक धवन यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवले की जस्त आणि टायटॅनियमचे नॅनोकण ई. कोलायच्या पेशीत ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात आणि डीएनएला इजा करतात. माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे काम वेल्लोरच्या व्हीआयटीमधले आहे. तिथल्या संशोधकांनी बाजारात मिळणारा प्रयोगशाळेचा पाळीव जीवाणू न घेता गोड्या पाण्याच्या तळ्यातून जीवाणू वेगळे केले आणि त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइडचे कण लिटरला 1 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणात वापरून पाहिले. इतक्या कमी मात्रेतही जिवंत पेशींची संख्या घटली. शिकागोतल्या नॉर्थवेस्टर्न आणि लोयोला विद्यापीठांच्या मंडळींनी त्याच धर्तीवर गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या जीवाणूंवर नॅनो-टायटॅनियमचा प्रयोग केला तेव्हा सगळ्या जाती सारख्या मेल्या नाहीत. काही पटकन मेल्या, काही तगून राहिल्या. म्हणजे नदीत काही सरसकट कत्तल होणार नाही. नदीतली वस्ती बदलेल, कोणाचे काम बंद पडेल आणि कोणाचे माजेल, हा खरा प्रश्न आहे. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू वाढतात हळू आणि विषाला बळी पडतात लवकर. त्यांचे काम अडले तर सांडपाण्यातला अमोनिया तसाच पुढे वाहतो, माशांना बाधतो आणि पिण्याच्या पाण्यात क्लोरिनचा खर्च वाढवतो.

हे कण उल्हासच्या खोऱ्यात कुठून येतात, ते पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी करत नदी बदलापूरला येते. इथल्या बॅरेजवरून बदलापूर आणि अंबरनाथला पिण्याचे पाणी जाते, आणि पुढे मोहन्याच्या बंधाऱ्यापर्यंत तिला शहरांचे नाले मिळत राहतात. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला वळसा घालून जाणारी वालधुनी उल्हासनगरातून काळी होऊन कल्याणच्या खाडीकडे जाते. 2014 च्या नोव्हेंबरअखेर वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वाफेने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे दोन्ही नद्यांचे प्रकरण नेले, ते पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. हा इतिहास वाचकांना माहीत आहे. कमी बोलले जाते ते रोजच्या, परवानगी असलेल्या वस्तूंबद्दल. जस्ताचे ऑक्साइड रबर पक्के करायला लागते, म्हणून प्रत्येक टायरच्या झिजेत ते रस्त्यावर उतरते. कॅलामाइन लोशनमध्ये, लहान मुलांच्या पुरळावरच्या मलमात आणि सनस्क्रीनमध्ये तेच असते. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढऱ्या रंगाचा प्राण आहे. भिंतीच्या रंगातला कण बहुधा 200 ते 300 नॅनोमीटरचा असतो, पण त्यात शंभराच्या आतलेही काही असतात, आणि इमारतींच्या रंगवलेल्या दर्शनी भिंतींवरून पावसाबरोबर ते ओढ्यात उतरतात हे स्वित्झर्लंडमध्ये केगी आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवले. गेल्या दोन-तीन दशकांत ज्या वेगाने कुळगाव-बदलापुरात इमारती उभ्या राहिल्या आणि ज्या जोराचा पाऊस इथे पडतो, ते पाहता हा मार्ग इथे स्वित्झर्लंडपेक्षा अरुंद असण्याचे कारण नाही.

उल्हासनगरच्या जीन्सचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. नव्या निळ्या पँटच्या मांडीवर जो जुनाट, विटका पट्टा दिसतो तो आणायची जुनी रीत म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचा फवारा. धंद्यातले लोक त्याला पीपी म्हणतात. जांभळे द्रावण कापडावर पडले की नीळ जळते आणि परमँगनेटचे तपकिरी मँगनीज डायऑक्साइड होते. हे धातूचे ऑक्साइडच, आणि बऱ्याचदा इतके बारीक की ते पाण्यात तरंगत राहते. मग मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात कापड बुडवले की तपकिरी डाग विरघळून जातो आणि मँगनीज पाण्यात जाते. कारखान्याला गिऱ्हाइकाला द्यायची स्वच्छ पँट मिळते. पाण्याला मिळते उरलेले सगळे. या धुलाई कारखान्यांवर प्रदूषणाच्या तक्रारींमुळे बंदीची कारवाई झाली. शहाडला दशकानुदशके बनणाऱ्या व्हिस्कोज रेयॉनच्या प्रक्रियेतही धागा ज्या आम्लाच्या टाकीतून काढतात तिच्यात झिंक सल्फेट घालतात. ती प्रक्रिया जगभर तशीच आहे आणि याचा अर्थ कोणी जस्त नदीत सोडते असा मुळीच नाही. सांगायचे एवढेच की या खोऱ्यात धातू नवखे नाहीत. नॅनोकण आधीच्या धातूंच्या ओझ्यावर येऊन पडतात आणि जीवाणूला त्यांची बेरीज भोगावी लागते.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये कण घालतात, नदीत ते त्याच्या हजारांश प्रमाणातही नसतात. हे खरे आहे. युरोपसाठी 2009 मध्ये झालेल्या गणिती अंदाजात नदीच्या पाण्यात नॅनो जस्त-ऑक्साइड लिटरला 0.01 मायक्रोग्रॅमच्या आसपास आले होते. उलट 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या शेवाळाची वाढ निम्म्यावर आणणारे प्रमाण मोजले ते लिटरला सुमारे 60 मायक्रोग्रॅम जस्ताचे. अंतर हजारो पटींचे. पण याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात दुसरी गोष्ट आहे आणि ती मला अधिक मोलाची वाटते. नॅनो जस्त-ऑक्साइड, साधे जस्त-ऑक्साइड आणि झिंक क्लोराइड या तिन्हींचा घातकपणा सारखाच निघाला, कारण मारत होते ते विरघळलेले जस्त. म्हणजे शेवाळाच्या दृष्टीने नॅनो हे जस्त आत शिरण्याचे एक दार आहे. मग प्रश्न एकट्या नॅनोचा उरत नाही, सगळ्या जस्ताचा होतो. आणि आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांत कारखान्याच्या सांडपाण्यातून नदीत सोडायला जस्ताची मर्यादा आहे लिटरला 5 मिलिग्रॅम, तांब्याची 3 मिलिग्रॅम. 5 मिलिग्रॅम म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम, त्या शेवाळाला अर्धमेले करणाऱ्या प्रमाणाच्या ऐंशीपट. पावसाळ्यात नदी ते विरळ करते. एप्रिल-मेमध्ये, नदीत वाहते पाणी कमी आणि नाल्यांचे पाणी तेवढेच असताना, ते किती विरळ होते याचा हिशेब या मर्यादेत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जस्त 5 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे. माणसाला तेवढे जस्त सोसते. सूक्ष्म जीवांना सोसतेच असे नाही, आणि मर्यादा ठरवताना आपण त्यांना विचारलेले नाही.

दुसरा आक्षेप रसायनाच्या जाणकारांचा असतो. प्रयोगशाळेचे शुद्ध पाणी आणि नदीचे पाणी यांत फरक आहे. कडक पाण्यात कणांचे गोळे होऊन ते तळाला बसतात, कुजलेल्या पानांतले सेंद्रिय पदार्थ कणांना लपेटून निरुपद्रवी करतात आणि गटाराच्या कुजक्या पाण्यात जस्ताचे ऑक्साइड सल्फाइड होऊन बसते. हे सगळे सिद्ध झालेले आहे. शिकागोच्याच गटाने मिशिगन सरोवराचे पाणी वापरून केलेल्या 2015 च्या कामात तर टायटॅनियमच्या कणांनी सुटे जस्त शोषून जीवाणूंवरचा जस्ताचा ताण कमी केला, म्हणजे दोन विषे एकत्र येऊन एक सौम्य झाले. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. सह्याद्रीच्या बेसाल्टवरून येणारे उल्हासचे पाणी पावसाळ्यात मृदू आणि गढूळ असते, उन्हाळ्यात क्षारांनी भारी. जलपर्णीखालचे पाणी काळोखे आणि प्राणवायूविना असते, बॅरेजखालच्या उघड्या खडकांवरचे उथळ आणि उन्हात तळपणारे. एकच कण यांतल्या एका जागी गाळात निपचित पडेल आणि दुसऱ्या जागी घातक ठरेल. आणि बीओडीची बाटली तर अंधारात ठेवलेली असते. उन्हात जे टायटॅनियम जीवाणूंना जाळते, त्याचे काहीच त्या बाटलीत उमटणार नाही. गाळात बसलेले धातूही कायमचे गेले असे समजू नये. 26 जुलै 2005 ला आणि 27 जुलै 2019 ला, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली तेव्हा, उल्हासने आपला तळ ढवळून शेतांत आणि वस्त्यांत आणून टाकला होता.

तिसरे म्हणणे कार्यकर्त्यांकडून येते आणि त्याचा मी आदर करतो. नदीत उघड मैलापाणी पडते आहे, तिथे नॅनोकणांची चर्चा ही चैन नव्हे काय? मैलापाणी हाच उल्हासचा पहिला रोग आहे, यात वाद नाही. पण त्याचा इलाज म्हणून आपण सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बांधतो, आणि त्या केंद्रांत घाण खाणारे कामगार जीवाणूच आहेत. शांघायच्या तोंग्जी विद्यापीठाने 2011 मध्ये दाखवले की प्रक्रियेच्या टाकीत नॅनो जस्त-ऑक्साइड लिटरला 1 मिलिग्रॅम असताना काही बिघडले नाही, पण 10 आणि 50 मिलिग्रॅमला नायट्रोजन आणि फॉस्फरस काढण्याचे काम घसरले. घरगुती सांडपाण्यात इतके प्रमाण सहसा येत नाही. औद्योगिक नाला चुकून किंवा मुद्दाम केंद्राच्या वाहिनीला जोडला गेला की येऊ शकते. तेव्हा मैलापाण्याची काळजी करणाऱ्याने जीवाणूंच्या विषाची काळजी आधी करायला हवी.

जीवाणू काय, सवय करून घेतील, असेही म्हटले जाते. घेतात, आणि तीच गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. धातूला दाद न देणारी जनुके पुष्कळदा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांच्या शेजारी, एकाच फिरत्या तुकड्यावर असतात. धातूच्या दाबाखाली जो जीवाणू टिकतो तो औषधालाही टिकणारा असण्याची शक्यता वाढते. युरोपीय संघाने डुकरांच्या पिलांना जुलाबावर भरमसाट मात्रेत दिल्या जाणाऱ्या जस्त-ऑक्साइडवर जून 2022 पासून बंदी आणली, ती मातीत साठणाऱ्या जस्तामुळे आणि या भीतीमुळेही. ज्या नाल्यांत रुग्णालयांचे आणि घराघरांतल्या औषधांचे सांडपाणी धातूंबरोबर मिसळते, तिथे ही भीती अधिक खरी आहे.

उलट बाजूने अतिशयोक्तीही नको. नदीत नैसर्गिक नॅनोकण कायमच होते. तांबड्या मातीतले लोहाचे ऑक्साइड दर पावसात कोट्यवधींच्या संख्येने उल्हासमध्ये येते आणि बहुतेक वेळा इतर धातूंना धरून ठेवून उपकारच करते. नॅनो हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही आणि त्या नावाने सरसकट बंदी मागण्यातही अर्थ नाही. कोणता धातू, किती विरघळणारा, कोणत्या पाण्यात, हे विचारले पाहिजे.

हे विचारायला नवे शास्त्र शोधावे लागणार नाही. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत जैविक चाचणी आहे, पण ती माशांची: सांडपाण्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. जीवाणूंसाठी ओईसीडीची 209 क्रमांकाची चाचणी तीन तासांत होते. तिच्यात प्रक्रिया केंद्रातल्या गाळाचा श्वास विषाने किती मंदावतो ते मोजतात. नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंसाठी आयएसओ 9509 आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ बदलापूर आणि मोहने इथे उल्हासचे पाणी नियमित तपासते. त्याच फेरीत, त्याच नमुन्यावर, पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा या चाचण्या व्हाव्यात, त्यांतली एक उन्हात व्हावी, आणि विरघळलेले जस्त, तांबे व मँगनीज यांचे आकडे बीओडीच्या शेजारच्या रकान्यात छापले जावेत. कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या लोकप्रतिनिधींनी हे मंडळाकडे लेखी मागावे. आणि तोपर्यंत उल्हासचा बीओडी उतरल्याची बातमी वाचली, तर धातूंचे आकडे कुठे आहेत हे वाचकांनी विचारल्याशिवाय राहू नये.